प्रॉम्प्टरचा चष्मा

आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत नाटकाचा नट पाठांतर करत नाही. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो. पण धान घरात आल्यापासून उन्हाळा लागेपर्यंत इथे गावोगावी नाटकं होतात आणि एकच नट आज आरमोरीकडे इनामदार असतो, तर उद्या नागभीडकडे दुसऱ्याच नाटकात इनामदाराचा नोकर. पाठ करणार कधी? म्हणून स्टेजसमोरच्या खड्ड्यात बसलेला प्रॉम्प्टर पहिल्या वाक्यापासून शेवटपर्यंत सगळं नाटक वाचतो आणि नट ते ऐकत ऐकत बोलतो. नायक आजारी पडला तर दुसरा उभा करता येतो. प्रॉम्प्टर आजारी पडला तर मंडप सोडावा लागतो.

माझे यजमान असे प्रॉम्प्टर होते. दिवसा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचे. सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणायचं, मीही म्हणायची. मी त्याच गावच्या उपकेंद्रात आरोग्य सेविका. पुढे शहरात राहायला आल्यावर लोक विचारतात, गुरुजी नाटकात काम करायचे का, आणि ते खड्ड्यात बसायचे असं मी सांगते, तेव्हा त्यांना ते हलकं काम वाटतं. तसं नव्हतं. नटाच्या आधी अर्धा श्वास वाचायचं, आवाज नटाला पोचेल पण दुसऱ्या रांगेला ऐकू जाणार नाही एवढाच ठेवायचा, रागाचं वाक्य रागानं द्यायचं आणि नट रडत असेल तर गप्प राहायचं. पंचक्रोशीत हे त्यांच्याइतकं चांगलं कुणाला जमत नव्हतं. एरवी साधं बाजारात भांडण करता न येणारा माणूस, पण खड्ड्यात बसला की पाटील, डाकू, सावत्र आई सगळं असायचा.

दोन हजार सालाच्या आगेमागे त्यांच्या डोळ्यांचा मधला भाग गेला. कडेचं दिसायचं, समोरचं पुसल्यासारखं व्हायचं. माझ्याकडे सरळ बघितलं तर कान दिसतात, तोंड नाही, असं ते म्हणाले. "तोंड नाई दिसत हे बरंच झालं," असंही म्हणाले. नागपूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की पडदा झिजतो आहे, ऑपरेशन नाही, औषध नाही, पूर्ण अंधारही होणार नाही. मला एवढं उत्तर पुरेसं होतं. जे होणार नाही त्याच्यामागे धावायचं नाही, जे उरलं आहे ते वापरायचं. शाळेचं निभावलं. लहान वर्ग घेतले, पोरांकडून मोठ्यानं वाचून घेतलं. प्रश्न नाटकाचा होता.

पहिला हंगाम हातातल्या भिंगावर काढला. एका हातात भिंग, दुसऱ्या हातात टॉर्च आणि पान उलटायला तिसरा हात माझा. मी त्यांच्याशेजारी खड्ड्यात बसायची. बायका हसायच्या. भिंगातून एका वेळी दोन शब्द दिसायचे, त्यामुळे वाचन अडखळायचं आणि स्टेजवरचा राजासुद्धा अडखळायचा. लोक म्हणाले, सिस्टरबाई, तुमीच वाचा ना मंग. मी एका तालमीत वाचून पाहिलं. नट म्हणाला, बाई, लसीकरणाच्या सूचना दिल्यासारखं वाटते, मले प्रेमाचं बोलता येत नाई. मोठ्या अक्षरात नाटक लिहून काढा, असंही काहींनी सुचवलं. पण वही नाटकाच्याच दिवशी दुपारी यायची आणि रात्री दुसऱ्या गावाला जायची.

हंगाम संपला तसे आमच्या मंडळाचे व्यवस्थापक घरी आले. त्यांचं मंडप-डेकोरेशनचं दुकान होतं. वडिलांपासूनचं. ईदला आमच्याकडे शिरखुर्मा त्यांच्याकडूनच यायचा. नाटकात ते खलनायक करायचे, कारण मंडप त्यांचा, माईक त्यांचा आणि चिकटवायच्या मिशाही त्यांच्या. चहा संपेपर्यंत ते इकडचंतिकडचं बोलले. मग म्हणाले, "गुरुजी, तुमच्याबिगर मले करमत नाई. पण नटलोक बोंबलून राह्यले. वडशाचा एक क्लार्क आहे, वाचते चांगला. पुढच्या हंगामासाठी त्याले सांगून ठेवू काय?"

गुरुजी म्हणाले, "ठेवा ना. त्यात काय."

त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी व्यवस्थापकांच्या दुकानात गेले आणि सांगितलं, दिवाळीपर्यंत क्लार्कला थांबवा.

नागपूरच्या त्याच डॉक्टरांनी आम्हाला दुसऱ्या एका केंद्राचा पत्ता दिला होता. दिसत नाही त्यांच्यासाठी नव्हे, कमी दिसतं त्यांच्यासाठीचं केंद्र. तिथल्या डॉक्टरबाई तरुण होत्या आणि भराभर बोलायच्या. त्यांच्याकडे नुकतीच बाहेरच्या देशातून यंत्रं आली होती. विकत घेणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं, पण त्यांना ती कुणीतरी रोजच्या कामात वापरून बघायला हवी होती. त्या म्हणाल्या, एकेक करून न्या, वापरा आणि कोणतं कुठे उपयोगी पडतं ते मला खरं खरं सांगा. गुरुजी काय वाचतात? मी म्हटलं, नाटक. त्यांना वाटलं, घरी बसून.

पहिलं यंत्र चष्मा नव्हतंच. साबणाच्या वडीएवढा कॅमेरा, त्याची वायर टीव्हीला. कॅमेरा कागदावर फिरवला की अक्षरं टीव्हीवर बोटभर उंच दिसायची. शिवाय एक बटण दाबलं की उलट, काळ्यावर पांढरी. गुरुजींना ते फार आवडलं. पाटीवर लिहिल्यासारखं वाटायचं. पावसाळाभर त्यांनी घरात टीव्हीसमोर बसून वर्तमानपत्र वाचलं, माझा सरकारी पगाराचा कागद वाचला, भिंतीवरची पाल कॅमेऱ्याखाली येते का पाहिलं. टीव्हीचा मुळातला उपयोग बंद झाला म्हणून मी जरा कुरकुरले, एवढंच.

दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावच्या जत्रेच्या, दिवशी आमच्याच गावात पहिलं नाटक होतं. खड्ड्यात टीव्ही आणि गुरुजींचे गुडघे एकत्र मावेनात, म्हणून व्यवस्थापकांनी टीव्ही स्टेजच्या कडेवर मांडून दिला, पडदा गुरुजींकडे. गुरुजींचं तोंड स्टेजकडे, पाठ लोकांकडे. म्हणजे टीव्हीचं तोंड लोकांकडे. ही गोष्ट आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आली नाही. घरी टीव्हीसमोर ते एकटेच बसायचे.

पडदा उघडला. पुढच्या तीन रांगांत जमिनीवर पोरं बसलेली, सगळी गुरुजींच्या शाळेतली. समोर काळ्या पाटीवर पांढरी ठळक अक्षरं. पाटीवर जे दिसेल ते सगळ्यांनी मिळून मोठ्यानं वाचायचं, हे त्यांना गुरुजींनीच शिकवलेलं. त्यांनी वाचलं. इनामदारानं तोंड उघडायच्या आधी शे-दीडशे पोरं एका सुरात म्हणाली, "सूनबाई, या घराची इज्जत आता तुझ्या हाती आहे."

इनामदार थांबला. मग त्यानं तेच वाक्य म्हटलं. दुसरं काय करणार.

सुनेचं उत्तरही पोरांनी आधी दिलं. मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, सुनेले बोलू द्या ना बे." गुरुजींनी मागे न वळता हात मागे करून गप्प बसायची खूण केली. वर्गात त्या खुणेनं चालायचं. इथे पोरांना ती 'पुढे वाचा' अशी वाटली. पहिला अंक असाच झाला. दुसऱ्या अंकाला टीव्हीवर चादर टाकली आणि गुरुजी चादरीत शिरून वाचू लागले. आवाज चादरीत राहिला. शेवटी मी भिंग आणि टॉर्च आणली.

नाटक संपल्यावर व्यवस्थापक म्हणाले, "गुरुजी, पोट्ट्यांचं वाचन मात्र पक्कं आहे." पण नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, क्लार्क विचारून राह्यला." मी म्हटलं, अजून दोन यंत्रं आहेत. ते म्हणाले, "पाहा. पण लोक माझ्या मंडळाले हासतीन तं मले चालणार नाई." बरोबरच होतं त्यांचं.

आठवड्याभरात टीव्हीचा कॅमेरा परत केला आणि दुसरं यंत्र आणलं. हा खरा चष्मा. दिसायला वेल्डिंगवाल्याच्या झापडीसारखा, दोन्ही डोळे पूर्ण झाकणारा, कपाळावर कॅमेरा, मागे पट्टा, कमरेला बॅटरीचा डबा. आत दोन लहान पडदे. कॅमेऱ्यासमोर येईल ते आत मोठं होऊन दिसायचं, आणि बघणारा फक्त घालणारा. टीव्हीचा प्रश्न तिथेच मिटला. दोन्ही हात मोकळे, पान स्वतःचं स्वतः उलटता यायचं. गुरुजींनी घातला, वही समोर धरली आणि दहा वर्षांपूर्वी वाचायचे तसे वाचले, न अडखळता. मी स्वयंपाकघरात होते, भाकरी तव्यावर तशीच ठेवून बाहेर आले.

डॉक्टरबाईंच्या अक्षरांच्या तक्त्यावरही हाच पहिला होता. सगळ्यात बारीक अक्षर यातूनच वाचता येत होतं. तक्ता टेबलावर होता, उजेड खिडकीतून येत होता आणि मध्ये कुणी मरत नव्हतं.

नाटक पलीकडच्या गावात होतं. तालीम उत्तम झाली. नटांनी येऊन गुरुजींच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. लोकांनी खड्ड्यातला मुखवटेवाला माणूस पाहून थोडी कुजबुज केली, पण पहिला अंक असा सरळ गेला की व्यवस्थापक विंगेतून माझ्याकडे पाहून मान हलवत होते.

दुसऱ्या अंकात नायकाचा खून होता. खलनायकानं म्हणजे व्यवस्थापकांनी विंगेतून यायचं, नायकाभोवती एक मोठी फेरी मारायची, हसायचं, मिशीवरून हात फिरवायचा, मग कट्यार काढायची. या फेरीवर ते जीव टाकायचे. एवढा वेळ प्रॉम्प्टर गप्प असतो. कट्यार लागलेली पाहतो आणि मगच नायकाचं वाक्य देतो. वहीत ही फेरी नव्हतीच. वहीत एक वाक्य आणि त्याच्याखाली दुसरं. गुरुजींना झापडीच्या आत वहीच दिसत होती, स्टेज नाही. पायांचे आवाज ऐकून ते थोडे थांबले, मग कट्यार लागली असेल असं समजून त्यांनी वाक्य दिलं.

नायक गोंदियाकडचा होता, आज्ञाधारक. कानावर पडलं ते त्यानं म्हटलं. "दगा... पाठीमागून दगा केलास तू... आई गं." आणि पडला.

व्यवस्थापक अजून चार हात लांब मिशीवरून हात फिरवत होते.

व्यवस्थापक हळूहळू प्रेताजवळ आले, वाकून पाहिलं आणि खास आपल्या बोलीत म्हणाले, "काऊन रे, भेवानंच मेला काय? ऊठ. मी मारल्याबिगर तुले मरता येत नाई."

नायक उठला. फेरी पूर्ण झाली, कट्यार लागली, गुरुजींनी तेच वाक्य पुन्हा दिलं, तो पुन्हा मेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका म्हाताऱ्यानं तिसऱ्यांदा मारायची मागणी केली.

पहाटे बैलगाडीतून परत येताना गुरुजी गाल चोळत होते. चष्म्याच्या कडांचे वळ त्यांच्या गालांवर उठले होते. मी म्हटलं, "यंत्र चांगलं आहे, आपल्या कामाचं नाई." ते म्हणाले, "दिसते सगळं. पण पाहता येत नाई." आणि वर, "त्या क्लार्कले हो म्हणून टाक." मी म्हटलं, तिसरं आणल्यावर सांगते.

नागपूरला मी एकटीच गेले. डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. त्या इतक्या हसल्या की बाहेरच्या बाईनं दार उघडून पाहिलं. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "म्हणजे त्यांना फक्त वाचायचं नाही, माणसावर लक्षही ठेवायचं आहे. हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?" मी म्हटलं, तुम्ही आधी तक्ता दाखवला, नट दाखवला नाही. त्यांनी कपाटातून तिसरा काढला. हा त्यांच्या मते तिघांत कमी प्रतीचा. घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं एक नळकांडं साध्या चष्म्याच्या उजव्या काचेवर बसवलेलं, त्यात नखाएवढा पडदा. कॅमेरा कानशिलापाशी. डावी बाजू मोकळी. अक्षर झापडीतल्यापेक्षा लहान दिसायचं, आणि एका डोळ्याला पान, दुसऱ्याला जग, असं असल्यामुळे बहुतेक लोकांना गरगरतं म्हणून ते परत करतात, असं त्या म्हणाल्या.

गुरुजींनाही गरगरलं. पहिले काही दिवस डोकं धरून बसायचे. मी उपकेंद्रातून आले की दुपारी अंगणात सराव. वही त्यांच्या हातात, मी नट. मी मुद्दाम वाक्याच्या मध्ये थांबायची, कधी गाईला पाणी पाजायला जायची, कधी नुसता पदर सावरायची. मी पुन्हा त्यांच्याकडे वळेपर्यंत त्यांनी पुढचं वाक्य द्यायचं नाही. समोर माझं तोंड त्यांना दिसत नव्हतंच. पण कडेचं दिसत होतं, आणि हात हलला, मान वळली, पदराचा रंग सरकला, हे डाव्या डोळ्याच्या कडेला बरोबर कळायचं. नजर थोडी बाजूला, कुंपणाकडे ठेवली तर जास्तच कळायचं. शेजारीण म्हणाली, "गुरुजी माह्या घराकडे काऊन पाहून राह्यले?" तिलाही दोन दिवस नट केलं.

आणखी एक गोष्ट सरावात समजली. सुरुवातीला ते अक्षर जमेल तेवढं मोठं करायचे. मग पडद्यावर दोनच शब्द मावायचे आणि पुढे राग आहे की रडणं, ते कळायचं नाही. एके दिवशी त्यांनी अक्षर लहान केलं. वाचायला कष्ट पडत होते, पण ओळ पूर्ण दिसत होती आणि खालच्या ओळीचं डोकंही. आवाज लगेच बदलला. मी गाईजवळून ऐकत होते. डॉक्टरबाईंना मी नंतर हेच सांगितलं, की तुमच्याकडे ज्याचं अक्षर मोठं त्याला नंबर वर मिळतो. आमच्याकडे ज्यात पुढची ओळ दिसते तो वर. त्यांनी ते लिहून घेतलं. टीव्हीचं यंत्र घरात वाचायला सगळ्यात आरामाचं, झापडीचा चष्मा बारीक अक्षराला सगळ्यात चांगला, असंही मी प्रामाणिकपणे सांगितलं. वाईट त्यातलं एकही नव्हतं.

मकर संक्रांतीनंतर शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या, निमित्तानं आरमोरीच्या बाजूला नाटक ठरलं. व्यवस्थापकांनी क्लार्कलाही बोलावून ठेवलं होतं. तो पहिल्या रांगेत खुर्चीवर बसला, मफलर गुंडाळून. गुरुजींनी त्याला जाऊन नमस्कार केला. मी बायकांमध्ये बसले. आता खड्ड्यात माझं काही काम नव्हतं.

नायिका नागपूरची, मोठी नटी. तिचा मुलगा मरतो आणि ती प्रेताजवळ येते असा प्रवेश होता. तिनं मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गप्प बसली. खड्ड्यातूनही काही येईना. बराच वेळ गेला. बॅटरी संपली असं मला वाटलं, कारण थंडीत ती लवकर उतरायची. क्लार्क खुर्चीत पुढे सरकला. व्यवस्थापक विंगेतून मान बाहेर काढून खड्ड्याकडे बघत होते. नटी तशीच, हात मुलाच्या केसांत. आमच्या बाजूच्या दोन-तीन बायका रडायला लागल्या. मग तिनं हात उचलला आणि पदराचं टोक हातात घेतलं. बस्स, तेवढंच. लगेच खड्ड्यातून हलका आवाज आला आणि पाठोपाठ तिचा.

सकाळी मंडपामागे चहा होता. नटी शाल गुंडाळून गुरुजींपाशी आली. म्हणाली, "गुरुजी, मला कुणी एवढा वेळ देत नाही हो. लगेच पुढचं वाक्य कानात कोंबतात."

गुरुजी म्हणाले, "तुमी पदर उशिरा धरला, बाई. मी काय करू."

क्लार्क चहा पिऊन पहिल्या गाडीनं वडशाला गेला. जाताना तो गुरुजींना म्हणाला की त्याला खरं तर रात्री जागणं सोसतच नाही. व्यवस्थापक मिशीचा डिंक कोमट पाण्यानं काढत होते. तो अर्धा निघाल्यावर ते माझ्याकडे वळले.

"बाई, याची बॅटरी कितीक वेळ चालते?"

"एक नाटक. थंडीत एखाद वेळेस कमी."

"अन् लागोपाठ दोन गावं असन तं?"

गुरुजी म्हणाले, "शाळेत चार्ज करीन ना."

"तुमच्या शाळेत लाइन राहते काय?"

"राहत नाई."

"मंग कायले बोलता? द्या इकडे. माह्या जनरेटरवर करून ठेवतो." त्यांनी चार्जर घेतला आणि माईकच्या पेटीत टाकायला निघाले. मी त्यांना थांबवलं. वायर डब्याजवळ नाजूक होती, ओढून गुंडाळली तर तुटली असती. सैल गुंडाळायची कशी ते मी दाखवलं. त्यांनी दोनदा करून दाखवल्यावरच पेटी बंद करू दिली.